‘आधी गृहपाठ, मग सायकल’ ही लाच नव्हे

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या तिसरीतल्या मुलाची संध्याकाळची सायकल बंद केली, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश तिने खरा मानला. गृहपाठ झाल्यावर खेळायला सोडणे म्हणजे लाच, ही पद्धत जनावरांना शिकवण्याची, या पद्धतीने व्यसन लागते आणि बक्षिसाने अभ्यासाची गोडी मरते हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने सिद्ध केले आहे, म्हणून खेळ मध्ये आणूच नका, असा त्याचा आशय आहे. परवा मी गेले तेव्हा शुद्धलेखनाच्या पाच ओळींवर मुलगा दीड तास बसला होता. एकच शब्द खोडून खोडून वहीच्या पानाला भोक पडले होते. पूर्वी एवढे लिहून तो वीस मिनिटांत खाली पळत असे.

दुकानात हट्टाने रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी चॉकलेट देणे ही लाच, कारण तिथे रडण्याला फळ मिळते. इथे सायकल त्याचीच आहे. ठरवला आहे तो केवळ क्रम, आणि तोही आधी सांगून.

जनावरांचे म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ साली मांडलेल्या प्रयोगात पहिलीतली मुले होती. ज्यांना पिनबॉल या खेळाचे यंत्र अधिक आवडे, ती खेळायला मिळावे म्हणून जास्त गोड गोळ्या खात, आणि ज्यांना गोळ्या प्रिय, ती गोळ्यांसाठी जास्त खेळत. म्हणजे बक्षीस कोणते हे त्या मुलाच्या आवडीवरून ठरते.

सर्वांत घातक आहे तो स्टॅनफर्डचा अर्धवट दाखला. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या त्या प्रयोगासाठी रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुले निवडली होती. प्रशस्तिपत्रक मिळेल असे ज्यांना आधी सांगितले, त्यांचा चित्रांतला रस पुढे घटला. ज्यांना ते अचानक मिळाले, त्यांचा तसा घटला नाही. संदेशात यातले एक अक्षर नाही. शुद्धलेखनाची जी गोडी या मुलाला अजून लागलेलीच नाही, ती मरणार कशी? एवढे मात्र मान्य करावे लागते की, जे मूल आपणहून चित्रे काढते किंवा गोष्टी वाचते, त्याला त्यासाठी बक्षीस कबूल करू नये.

व्यसनाच्या विधानाला संदेशात काहीच आधार दिलेला नाही.

बहिणीला मी सांगितले की, काम लहान ठेव, आणि ते झाले की ‘आणखी दोन ओळी’ न म्हणता सायकलची किल्ली त्याच्या हातात दे.