दोनशे छत्तीस रुपयांचा थकबाकीदार

सिबिल स्कोअर, म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो त्याचे गुण, ३०० पासून सुरू होतो आणि ९०० ला संपतो. शाळेत अशी पद्धत असती तर मी गणितात कधीच नापास झालो नसतो. पेपर कोरा दिला तरी तीनशे! पण साडेसातशेच्या आतल्या माणसाकडे बँकेतले साहेब बघतात ती नजर मात्र थेट गणिताच्या मास्तरांची. माझे निघाले ५९८. साहेबांनी फ्लॅटच्या कर्जाची फाइल दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. "आधी सिबिल नीट करून या." जसं काही दाढी करून या.

सगळं केलं त्या कूलरने. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर गेला की माणूस कूलर घेतोच, आणि हप्त्याने घेतो. हप्ते सगळे वेळेवर गेले. फायनान्स कंपनीने मात्र फिटलेला शेवटचा हप्ता पुन्हा एकदा खात्यावर टाकला, खात्यात पैसे नव्हते, तो बाउन्स झाला. दंड २०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २३६. मला कुणी कळवलं नाही. यथावकाश कूलर भंगारात गेला. दोनशे छत्तीस मात्र सिबिलच्या रिपोर्टात ठणठणीत.

"माणूस गाठ बे," मित्रमंडळींनी एकमताने ठराव केला. गॅस कनेक्शनपासून जातीच्या दाखल्यापर्यंत आपल्याकडे कामं होत नाहीत, 'माणूस' ती करतो. सिबिलचा माणूस नवी पेठेत, मोबाइल कव्हरच्या दुकानावरच्या जिन्याने वर. टेबलाच्या काचेखाली सिद्धेश्वरांचा फोटो, काचेवर तीन मोबाइल. तिन्ही एकदम वाजले तरी तो एकही उचलत नव्हता. धंदा जोरात असल्याची याहून मोठी पावती नाही.

"पंधरा दिवसांत ७८० करून देतो, सर. आठ हजार. निम्मे आत्ता."

"करता काय नक्की?"

"आतून डिलीट मारतो."

"खरी थकबाकी असली तरी?"

"खरी-खोटी आपण बघतच नाही." वैद्याने रोगी बघत नाही म्हणावं, तसा अभिमान. "फक्त ओटीपी येईल, तेवढा सांगायचा."

दोनशे छत्तीसच्या दंडासाठी आठ हजार! शिवाय ओटीपी. मी "घरी विचारून सांगतो" हे आपलं राष्ट्रीय वाक्य म्हणून जिना उतरलो.

घरी विचारलं. बायको म्हणाली, "तो डिलीट कुठून मारणार? कंपनीने चूक केली, कंपनीच सुधारणार." आणि नेमकं तसंच आहे, हे मला नंतर वाचून कळलं. सिबिलवाले स्वतःच्या मनाने एक अक्षर बदलू शकत नाहीत. तक्रार आली की कर्ज देणाऱ्याला विचारतात, त्याने मान्य केलं तरच दुरुस्ती. तो 'माणूस'सुद्धा तोच अर्ज भरणार होता, माझ्याच ओटीपीने. (डोक्यावर कोर्टाची नोटीस, चार-पाच कर्जं अंगावर असतील तर चांगला वकील जरूर गाठावा. त्याला जिना चढायला लागला तरी चालेल.)

मग मीच बसलो. कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी सिबिल ही एकटीच नाही. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क धरून अशी चार भावंडं आहेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. रिपोर्टात महिनावार चौकटी असतात. वेळेवर भरलं तिथे तीन शून्यं. शून्य बघून आनंद होण्याची ही माझी पहिलीच वेळ. पुढे उशिराच्या दिवसांची ३०, ६०, ९० अशी शिडी, आणि शिडीच्या पायथ्याशी आमचा कूलर.

मधेच वसुलीवाल्या बाईंचा फोन. "सर, निम्म्यात सेटलमेंट करा. ११८ रुपये." मोह झाला, खोटं कशाला सांगू! पण सेटलमेंट केली की खात्यापुढे 'बंद' नाही, 'सेटल्ड' येतं. म्हणजे पुढच्या बँकेला कळतं की या गृहस्थाने पूर्ण पैसे दिलेले नाहीत. एकशे अठरा रुपयांसाठी घासाघीस करणारा कर्जदार म्हणून माझी नोंद राहिली असती. बाईंना नकार दिला.

कर्ज फिटल्याचा कंपनीचाच दाखला शोधला. तो लग्नपत्रिकांच्या पिशवीत, कूलरच्या वॉरंटी कार्डाला टाचलेला निघाला. सिबिलकडे तक्रार केली, फोटो काढून तिला जोडला, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही धाडला. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा २०२४ पासून नियम आहे. तो वाचल्यापासून मी दुरुस्ती लांबावी म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. तेवढ्यात मुदतीच्या आत दुरुस्ती झालीसुद्धा. आयुष्यात एकदा काम लांबायला हवं होतं, तर वेळेत!

स्कोअर हळूहळू चढतोय. पण सात रस्त्यावर चहाला बसलं की एकच प्रश्न: "माणूस कोण?"

"कुणी नाही. मीच केलं."

"लपवतोय बे हा."

परवा शेजारचे अण्णा जावयाची फाइलच घेऊन आले. त्यांनाही सांगून पाहिलं, रिपोर्ट काढून दाखवतो म्हणालो. त्यांचं आपलं एकच, "तुमच्या माणसाच्या कानावर घाला की." शेवटी म्हणालो, "घालतो, पण तो आठ हजार घेतो."

अण्णा लगेच खुर्ची पुढे ओढून बसले.