"केमोनंतर केस सगळ्यांचेच परत येतात" हे खरं नाहीये

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या, भिशीच्या, शाळेच्या मैत्रिणींच्या सगळ्या ग्रुपवर सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. केमो संपली की सहा महिन्यांत प्रत्येकीचे केस पहिल्यापेक्षा दाट येतात, नाही आले तर ती टेन्शन घेते किंवा तेल नीट लावत नाही, माका-जास्वंदीचं तेल आणि कांद्याचा रस लावा, एकदोनदा टक्कल करा, आणि जीव वाचला ना, मग केसांचं काय एवढं. माझ्या मोठ्या जाऊबाईंची ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट होऊन काही वर्षं झाली, अजून डोक्याच्या मध्यावर विरळच आहे, आणि हा मेसेज त्यांना ओळखीच्या बायका काळजीने पाठवतायत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

"प्रत्येकीचे येतात." बहुतेकींचे येतात, हे खरंय. एक ते तीन महिन्यांत लव दिसायला लागते. पण प्रत्येकीचे नाही. डोसेटॅक्सेल नावाचं केमोचं औषध आहे, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये खूप वापरतात, त्याच्या माहितीपत्रकात अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०१५ मध्ये कायमची केसगळती झाल्याच्या केसेस आहेत असं घालायला लावलं. बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी देतात त्या बुसल्फाननेही असं होतं, आणि डोक्याला जास्त डोसचं रेडिएशन दिलं असेल तर तेवढ्या भागावर केस येतच नाहीत (छातीच्या रेडिएशनने डोक्याचे केस जात नाहीत, हेही लोक मिसळतात). कोरियातल्या ६१ बायकांचा एक अभ्यास २०१९ साली छापून आला, छोटाच आहे, पण त्यात तीन वर्षांनीसुद्धा साधारण ४२ टक्के जणींचे केस पहिल्याइतके आले नव्हते. आणि ते सहा महिने म्हणतायत ना, डॉक्टर लोक नेमकं तिथूनच याला टिकून राहिलेली केसगळती म्हणायला लागतात.

"टेन्शनमुळे येत नाहीत." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. टेन्शनने केस गळतात, नाही असं नाही, पण ते गळणं वेगळं, काही महिन्यांत भरून येतं. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर जातं, आणि डोक्यावरचे ८५-९० टक्के केस कुठल्याही वेळी वाढीतच असतात म्हणून ते झडतात. मुळाशी ज्या पेशींपासून नवा केस तयार होतो त्याच कायमच्या दुखावल्या तर केस येणार कुठून? यात त्या बाईचा काय दोष? औषधाचा परिणाम तिच्या स्वभावावर ढकलायचा आणि वर तिलाच सांगायचं की पॉझिटिव्ह राहा, हे बरोबर नाही.

शिवाय केमो संपली म्हणजे ट्रीटमेंट संपली असं नसतंच. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल या गोळ्या पाच-पाच, कधी दहा वर्षं चालतात आणि त्यांनीही पुढचे, मधले केस विरळ होतात. पण म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही हं, ती कॅन्सर परत येऊ नये म्हणून असते, डॉक्टरांशी बोला.

तेलाचं थोडक्यात. तेलाने मालिश करा, बरं वाटतं, पण मेलेलं मूळ त्याने जिवंत होत नाही. कांद्याचा रस नाजूक टाळूला झोंबतो. टक्कल केल्याने दाट येत नाहीत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तसं वाटतं. बायोटिन, म्हणजे केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन, त्याच्या मोठ्या डोसने थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, घेत असाल तर लॅबला सांगा. त्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, थायरॉइड, लोह बघून घ्या. मिनॉक्सिडिल या केस वाढायच्या औषधाने काही जणींना फरक पडतो, सगळ्यांना नाही, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

"जीव वाचला ना." हो, वाचला, आणि त्याचा आनंद त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे. पण गाडीवर सगळ्याच मुली स्कार्फ बांधतात तोवर ठीक, हळदीकुंकवाला गेलं की कोणीतरी विचारतंच "अजून नाही आले का?" आणि जाऊबाईंनी जाणंच सोडलंय.

असं बोलून आपण विचारायची वेळही घालवतो. कोल्ड कॅप म्हणजे डोकं गार ठेवणारी टोपी, २०१७ साली आलेल्या अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये ती घातलेल्या साधारण निम्म्या बायकांचे निम्म्याहून जास्त केस टिकले, न घातलेल्यांत एकीचेही नाही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये ती चालत नाही, सगळीकडे मिळतही नाही. पण ती सलाइन सुरू व्हायच्या अर्धा तास आधी घालावी लागते, नंतर उपयोग नाही. त्यामुळे कोणाची केमो ठरत असेल तर पहिल्या डोसच्या आधीच डॉक्टरांना विचारा, माझं औषध कुठलं, त्याने केस कायमचे जाऊ शकतात का, माझ्यासाठी दुसरं तितकंच चांगलं औषध आहे का, आणि ही टोपी तुमच्याकडे आहे का.