एनबीएचा संघ विकत घेतलाय? मग पगाराचं असं बघा

अभिनंदन! अमेरिकेच्या या बास्केटबॉल लीगमधला संघ तुमचा झाला, आता पहिलं काम घाई करणं. फिनिक्स सन्सचा ताबा मॅट इश्बियांकडे आला फेब्रुवारी 2023 मध्ये. दोनच दिवसांत केव्हिन ड्युरांट हा तारा घ्यायचं ठरलं आणि मिकाल ब्रिजेससारखे खेळाडू व पहिल्या फेरीचे चार ड्राफ्ट हक्क, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, ब्रुकलिनच्या संघाला गेले. तुम्ही एका दिवसात उरका. जनरल मॅनेजरला नंतर सांगितलं तरी चालतं.

पुढचा तारा घेताना करार वाचत बसू नका. वॉशिंग्टनहून ब्रॅडली बील आला तो ‘माझ्या संमतीशिवाय माझी अदलाबदल नाही’ हे कलम घेऊनच. वर्षाला पाच कोटी डॉलर आणि वर नकाराधिकार! असा घरजावई नशीबवानालाच मिळतो.

आता लक्झरी टॅक्स, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगाराने ठरलेली रेषा ओलांडली की लीगला भरायचा कर. 2024-25 मध्ये त्याची रेषा होती 17.08 कोटी डॉलरवर. त्यावरच्या पहिल्या पन्नास लाखांना डॉलरमागे तेव्हा किमान दीड डॉलर कर होता, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला दर चढता. फिनिक्सचा नुसता कर 15 कोटींच्या वर गेला. त्यात मिळाले 36 विजय आणि 46 पराभव. प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्या, घरी बसून पाहायची सोय झाली. प्रशिक्षकाचा पगार मात्र या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे तिथे हात आखडू नका. फिनिक्सने सलग तीन वर्षं दरवर्षी एकाला घरी पाठवलं.

खर्च सेकंड ॲप्रन नावाच्या आणखी वरच्या रेषेपलीकडे (2024-25 मध्ये ती 18.89 कोटींवर होती) गेला की खरी विश्रांती. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, व्यवहारात रोख देता येत नाही, सात वर्षांनंतरचा ड्राफ्ट हक्कही गोठतो, म्हणजे व्यवहारात देता येत नाही. निर्णय घ्यायची कटकटच मिटली.

तरी एखादा खेळाडू डोईजड झालाच तर करार मोडा आणि उरलेली रक्कम जास्त वर्षांवर ताणा: उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक. बीलची दोन वर्षं उरली होती, त्यांची पाच झाली. 2029-30 पर्यंत दरवर्षी सुमारे 1.9 कोटी फिनिक्सच्या खात्यावर. खेळायला तो क्लिपर्स या दुसऱ्या संघाकडे गेला, पण तो तपशील झाला.

सवलत मिळाली तर न्यूयॉर्कसारखी वापरा. 2005 मध्ये लीगने प्रत्येक संघाला एक खेळाडू कराच्या हिशेबातून वगळू दिला. न्यूयॉर्कच्या ॲलन ह्यूस्टनचा करार इतका अवाढव्य की नियमाला लोकांनी त्याचंच नाव दिलं. न्यूयॉर्कने वगळला जेरोम विल्यम्स.

काटकसर करायचीच असेल तर ओक्लाहोमा सिटी पाहा. जून 2012 मध्ये अंतिम फेरी खेळले, ऑक्टोबरमध्ये पगारावर एकमत होईना म्हणून जेम्स हार्डन ह्यूस्टन शहराच्या संघाला दिला. 2018 मध्ये तो तिथे एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

तेव्हापासून बहुधा ते शहाणे झाले. जमलेल्या कराचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा रेषेखालच्या संघांत वाटला जातो, आणि 2024-25 मध्ये ओक्लाहोमा रेषेखाली होता. विजेतेपदही त्याच वर्षी त्यांनीच घेतलं. तेव्हा तुमचा चेक वेळेवर पाठवत चला. मिरवणुकीला खर्च येतो.