बाईकला शंभर ऑक्टेन पाजा म्हणे!

तोच मेसेज परवा तिसऱ्यांदा आला, यावेळी चुलतभावाकडून, खाली "दादा तू पण हेच टाकत जा". मेसेज असा: बाईकमध्ये कायम सगळ्यात जास्त ऑक्टेनचंच पेट्रोल टाका, त्यात ताकद जास्त असते, अ‍ॅव्हरेज वाढतं, इंजिन थंड राहतं, आतून साफ होतं, आणि ते नसेल तर साध्या पेट्रोलमध्ये ऑक्टेन बूस्टर ओता, तेही नसेल तर दोन डांबरगोळ्या. यात मधेमधे अर्धं खरं मिसळलंय, म्हणून लोक फसतात. तर एकेक घेतो.

"जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद"

इथेच सगळी गडबड आहे. ऑक्टेनचा आकडा ताकद सांगतच नाही, दाब आणि उष्णता वाढल्यावर पेट्रोल स्वतःहून पेटायचं किती टाळतं तेवढंच सांगतो. मोजपट्टीत हेप्टेन, जे जरा दाबलं की भडकतं, त्याला शून्य आणि दाब सोसणाऱ्या आयसोऑक्टेनला १००. ९१ ऑक्टेन म्हणजे ते पेट्रोल टेस्टच्या इंजिनात ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, बस्स.

आता इंजिनात काय होतं बघा. प्लगची ठिणगी पडली की ज्योत तिथून पसरत जाते, पुढे कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ज्योत पोचायच्या आधीच ते आपलं आपण भडकलं की झालं नॉकिंग. आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. माझ्या बाईकवर तो मी मुद्दाम काढून बघितलाय, टॉप गिअर, स्पीड एकदम कमी, समोर चढ आणि थ्रॉटल पूर्ण पिळलेला, लगेच खडखड सुरू. दोन गिअर खाली आणले, आवाज गायब, पेट्रोल तेच होतं!

मग ताकद कुठून येते? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, जास्त ठेवता येतं, ठिणगी थोडी आधी टाकता येते त्यातून, म्हणजे इंजिन तसं बनवलेलं असलं तरच. १२-१३ कॉम्प्रेशनच्या स्पोर्ट्स बाईकच्या मॅन्युअलमध्ये ९५ लिहिलं असेल तर तिला ९५ च द्या, तिथे कंजूषी केली तर पिस्टनला महागात पडेल. पण ९-१० कॉम्प्रेशनची साधी बाईक, जिला नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सरच नाही, तिला टाकीत ९१ आहे का ९९ हे कळणार कसं? ठिणगीचं टायमिंग ठरलेलं, ती तशीच पळणार.

एक खोच अजून. तो मेसेज परदेशी व्हिडिओवरून ८७, ९३ असले आकडे उचलतो. अमेरिकेत पंपावर लिहितात तो एकेआय, म्हणजे ऑक्टेन मोजायच्या आरओएन आणि एमओएन या दोन टेस्टची सरासरी, बाकी बऱ्याच जगात नुसता आरओएन. अमेरिकेतलं ८७ हे साधारण आपण म्हणतो त्या ९१ आरओएन एवढंच असतं. मॅन्युअलमधला आकडा कुठल्या पट्टीवरचा आहे ते आधी बघा, नाहीतर चार आकड्यांसाठी उगाच घाबरायला होतं.

"अ‍ॅव्हरेज वाढतं"

लिटरमागे ऊर्जा ऑक्टेनबरोबर वाढत नाही. उलट गंमत बघा, इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर असतो, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे कुणी इथेनॉल घालून ऑक्टेन चढवला असेल तर अ‍ॅव्हरेज थोडं पडायलाच पाहिजे. "मला तर फरक जाणवला" म्हणणाऱ्यांनी टाकी काठोकाठ ते काठोकाठ मोजलेली असते का? महागाचं टाकलं की माणूस हात आखडून चालवतो, वाढतं मग.

"इंजिन थंड राहतं"

नॉकिंग होत असेल आणि ते थांबलं तर पिस्टन-हेडवरची जादा उष्णता कमी होते, हे खरं. नॉकिंग नव्हतंच तर फरक शून्य.

"आतून साफ होतं"

साफ करतो तो डिटर्जंट, ऑक्टेन नाही. महागड्या पेट्रोलमध्ये तो बरेचदा जास्त घालतात म्हणून दोन्हीची सांगड बसलीये. पीईए म्हणजे पॉलीइथरअमाइन असलेला क्लीनर इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्हवरचा थर खरंच काढतो, तो अधूनमधून टाकायला माझी ना नाही. पण सहा महिने उभ्या बाईकचा कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, चिकटाने बुजलाय तर बाटली ओतून काही होत नाही, पेट्रोल त्यातून जातच नाही तर धुणार काय, तो उघडावाच लागतो. जुन्या इंजिनात पिस्टनवर कार्बन साठला की जागा कमी होऊन कॉम्प्रेशन वाढतं आणि साध्या पेट्रोलवर खडखड येते, तिथे जास्त ऑक्टेनने तात्पुरतं भागतं, हा एक अपवाद मान्य.

"ऑक्टेन बूस्टर टाका"

बाटलीवर "३० पॉइंट" लिहिलेलं असतं. त्या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन! म्हणजे ९१ चं फार तर ९४, १२१ नाही. बऱ्याच बूस्टरमध्ये एमएमटी, म्हणजे मँगनीजचं संयुग असतं. हौसेने मीही चारपाच टाक्या टाकलं, मग प्लग काढला तर पांढऱ्या चिनीमातीवर विटेच्या रंगाचा थर. तोच थर पुढे ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर पण बसू शकतो. धातू घालून ऑक्टेन वाढवायची खोड जुनी आहे, १९२१ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकन इंजिनिअरने शिसं घालून नॉकिंग थांबवलं आणि ते शिसं जगभरच्या पंपांवरून पूर्ण जायला २०२१ उजाडलं.

"नाहीतर डांबरगोळ्या"

अरे बाबांनो. जुन्या डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनचा ऑक्टेन चांगला असतो एवढं ऐकून कुणीतरी हे सोडून दिलंय. दहा-बारा लिटरच्या टाकीत दोन गोळ्या म्हणजे किती, काही ग्रॅम, त्याने आकडा हलतसुद्धा नाही, पण पेट्रोल उडून गेलं की खडे मात्र जेटमध्ये राहू शकतात. त्यात हल्लीच्या पुष्कळ गोळ्या नॅप्थलीनच्या नसतातच, डायक्लोरोबेंझीनच्या असतात, म्हणजे क्लोरीन, ते जळालं की आत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड.

भावाला फोन केला, म्हटलं मेसेज राहू दे, तुझी तक्रार काय. तर म्हणे पिकअप राहिला नाही. मॅन्युअल सीटखाली पिशवीत गुंडाळलेलं निघालं, त्यात ९१ आरओएन, आणि तो चार महिने ९९ टाकतोय. मग एअर फिल्टर उघडायला लावला, फोटो पाठवला त्याने, काळाकुट्ट, वर गवताची काडी अडकलेली.