रात्रभर नळ सोडल्याने प्रिंट टिकत नाही

घरी फोटो छापण्यासाठी नव्याने डार्करूम थाटणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘फायबर प्रिंट रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवा. जितकी जास्त धुवाल तितकी जास्त टिकेल. टोनिंग म्हणजे नुसती रंगाची हौस.’ फायबर प्रिंट म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदावरचा कृष्णधवल फोटो, आणि टोनिंग म्हणजे त्यातल्या चांदीचं रसायनाने दुसऱ्या संयुगात रूपांतर करणं. या सल्ल्यापायी पाणी तर जातंच, प्रिंटही जाते.

आधी रात्रभराचं बघू. फिक्सर म्हणजे चित्र न झालेली चांदी काढून टाकणारं द्रावण; त्यातला कागदाच्या तंतूंत शिरलेला हायपो (थायोसल्फेट) हळूहळू पाझरून बाहेर येतो. नळाच्या जोराने त्यात फारसा फरक पडत नाही. भोवतीचं पाणी बदलत राहायला हवं आणि प्रिंट्स एकमेकींना चिकटलेल्या नकोत. ट्रेमध्ये चळत ठेवून वरून नळ सोडला, तर मधल्या प्रिंट्समध्ये सकाळीही हायपो सापडेल. फोटोकागद बनवणाऱ्या इलफर्डने फायबर कागदासाठी सांगितलेला क्रम असा: ताज्या रॅपिड फिक्सरमध्ये (१+४, म्हणजे १ भाग फिक्सरला ४ भाग पाणी) १ मिनिट, धुणं ५ मिनिटं, वॉश-एड (हायपो लवकर बाहेर काढणारं द्रावण) १० मिनिटं, पुन्हा धुणं ५ मिनिटं. वॉश-एड नसेल तर लिटरभर पाण्यात २० ग्रॅम सोडियम सल्फाइट घाला. रात्रभर भिजलेल्या कागदाच्या कडा फुगतात, जिलेटिन मऊ पडतं, कागद उजळ दिसावा म्हणून घातलेला ब्राइटनर वाहून जाऊन पांढरा भाग मंद दिसतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं असतं, तेव्हा तर एमल्शन (चांदी धरून ठेवणारा जिलेटिनचा थर) कडेने सुटूही लागतं.

‘जास्त धुवाल तितकी टिकेल’ हे त्याहून घातक, कारण खरी गडबड फिक्सरमध्ये झालेली असते. थकलेल्या फिक्सरमुळे चांदीची जी संयुगं कागदात राहतात, ती पाण्यात विरघळत नाहीत. नळ कितीही वेळ सोडा, ती तिथेच राहतात आणि पुढे पांढऱ्या भागाला पिवळट-तपकिरी करतात. म्हणून दोन ट्रेमध्ये फिक्स करा, दुसरा कायम ताजा ठेवा. शंका असेल तर धुतलेल्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर १+९ सेलेनियम टोनरचा एक थेंब टाका, दोन-तीन मिनिटांनी पुसा. पिवळा डाग उमटला तर चांदी उरली आहे. पुन्हा ताज्या फिक्सरमध्ये घालून नव्याने धुवा.

आता टोनिंग. अगदी स्वच्छ धुतलेल्या प्रिंटमधलीही चांदी उघडीच असते. नव्या रंगाचा वास, कपाटाचं लाकूड, शहराची हवा यांतल्या ऑक्सिडीकारक वायूंनी ती झिजते, काळ्या भागांवर आरशासारखी चकाकी येते. सल्फाइड टोनिंगने चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं, आणि ते या वायूंना सहजासहजी दाद देत नाही. सेलेनियम आधी गडद भाग धरतं, सौम्य द्रावणात हलके भाग जवळजवळ उघडेच राहतात. म्हणून टिकाऊपणाच हवा असेल तर मी सल्फाइडला पहिली पसंती देईन.

धुणं खरोखर महत्त्वाचं ठरतं ते सेपियाच्या, म्हणजे तपकिरी सल्फाइड टोनिंगच्या, ब्लीचआधी. या पहिल्या पायरीत फेरिसायनाइडने चित्र फिकट करतात, मग प्रिंट सल्फाइडमध्ये घालतात. कागदात हायपो राहिला तर फेरिसायनाइडशी मिळून त्याचा फार्मर्स रिड्यूसर (चांदी विरघळवणारं द्रावण) होतो, आणि आकाशातले ढग, गालावरचा उजेड असे नाजूक हलके टोन कायमचे विरघळून जातात. नंतर सल्फाइडमध्ये घातलं तरी ते परत येत नाहीत. बाजारातल्या बऱ्याच सेलेनियम टोनरमध्ये थायोसल्फेट असतं, त्यामुळे त्यातून काढलेल्या प्रिंटला वॉश-एड आणि धुणं पुन्हा द्यावंच लागतं. टोनर हाताळताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.