मुक्त विद्यालय म्हणजे परीक्षेतून सुटका नव्हे

होमस्कूलिंग, म्हणजे शाळेत न जाता घरीच शिकणं, ही परीक्षेच्या जाचातून सुटका आहे असं एका लेखात वाचलं, ते काही पटलं नाही. घरी शिकून एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी करायची तरी पाच विषयांत पास व्हावंच लागतं. फरक एवढाच की परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि विषय एकेक करून पाच वर्षांत पूर्ण करता येतात. माझ्या पुतणीने असंच केलं. अभ्यास तेवढाच, फक्त घाई नव्हती. खरी अडचण वेगळीच आहे. मुंबईत आई-बाबा दोघंही सकाळी आठच्या लोकलला, मग घरी शिकवणार कोण? आजी? वन बीएचकेत, टीव्ही चालू असताना? महागड्या पर्यायी शाळांची तर फी ऐकूनच माणूस पालिकेच्या शाळेकडे वळेल. (तिथेही काही ठिकाणी सीबीएसई आहे बरं का, आधी चौकशी करा.)