पीक फार, कामकरी थोडे

लहान चर्चच्या सभासदाला शरद ऋतूत आजारी पडण्याची मुभा नसते. वर्षाच्या इतर महिन्यांत एखाददुसरा रविवार चुकला, तर फार तर पाळकसाहेबांचा काळजीचा फोन येतो आणि आपण दोन वाक्यांत सुटतो. परंतु सप्टेंबर संपत आला की कापणीचा सण, त्याची सजावट, त्यानंतरचा लिलाव, संडे स्कूलचे नाटक, दिवंगतांची स्मरण उपासना आणि नाताळच्या गीतांची तालीम अशी कामे एकामागून एक उभी राहतात, आणि मग आजारी माणसाच्या खाटेशीही लोक प्रार्थना आटोपून हळूच वही उघडतात. मोठ्या चर्चमध्ये खांबाआड बसण्याची सोय असते. आमच्या चर्चला खांबच नाहीत.

पटावर तशी नावे बरीच आहेत. त्यांतून फार म्हातारे, फार लहान आणि सणाच्या आदल्या आठवड्यात नेमके परगावी जाण्याची दैवी देणगी लाभलेले असे तीन वर्ग वजा केले, तर जी माणसे उरतात ती समोरच्या दोन बाकांवर ऐसपैस मावतात. कामे मात्र मोठ्या चर्चइतकीच असतात, कारण मंडळी पन्नासांची असो वा पाचशेंची, घंटा वाजवायला एक माणूस लागतोच. परिणामी आमचे खजिनदार हिशेबाबरोबरच विजेची बिले, ध्वनिवर्धक आणि पहिले शास्त्रपठण सांभाळतात. सेक्रेटरीबाई महिला मंडळाच्याही अध्यक्ष असल्यामुळे मंडळाच्या वतीने स्वतःलाच पत्र लिहून सभागृह मागतात आणि, त्या नियमाला कडक असल्यामुळे, प्रसंगी ते नाकारतातही.

पाळकसाहेबांना या दिवसांत मत्तयकृत शुभवर्तमानाचा नववा अध्याय फार आवडतो. पीक फार आहे पण कामकरी थोडे आहेत, हे वचन ते आमच्या रांगेकडे पाहून वाचतात. त्याच्या पुढच्याच वचनात पिकाच्या धन्याने कामकरी पाठवावेत म्हणून त्याची प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. आमच्याकडे प्रार्थना होते, परंतु धन्याला एकट्यावर भार पडू नये म्हणून तिच्या जोडीला एक कागदही बाकांवरून फिरवला जातो. त्या कागदावर डावीकडे कामे लिहिलेली असतात आणि उजवीकडच्या रेघा नावांसाठी मोकळ्या असतात. कागद माझ्यापर्यंत येतो तेव्हा फुले लावणे, दारात उभे राहून हस्तांदोलन करणे यांसारखी सभ्य कामे गेलेली असतात आणि 'शिडी' एवढीच नोंद शिल्लक असते. कित्येकदा तिच्यापुढे माझे नावही आधीच लिहिलेले असते. ते कोण लिहिते याचा शोध मी सोडून दिला आहे. अक्षर वळणदार आहे, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

कापणीच्या सणाची मुळे फार जुनी आहेत. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात यहुदी पंचांगातील सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसापासून सात दिवस मांडवांचा सण पाळावा, अशी आज्ञा आहे आणि त्या काळात इस्राएल लोकांनी डहाळ्यांच्या मांडवांत राहावे असेही सांगितले आहे. त्या मांडवांवर चढण्यासाठी शिडी कोणी धरली याचा उल्लेख शास्त्रात कोठेही नाही, आणि शिडी धरणाऱ्याचा उल्लेख न करण्याची ही परंपरा आमच्या मंडळीने निष्ठेने जपली आहे. चर्चमध्ये धान्य, फळे आणि भाज्या मांडून आभारप्रदर्शनाची उपासना करण्याची आजची पद्धत मात्र त्या मानाने अलीकडची आहे. तिचे श्रेय सामान्यतः कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो येथील रेव्हरंड रॉबर्ट स्टीफन हॉकर यांना दिले जाते. त्यांनी १८४३ साली आपल्या मंडळीला अशा उपासनेसाठी बोलावले आणि पुढे ही प्रथा सर्वत्र पसरली. याच हॉकरसाहेबांनी समुद्राकाठच्या कड्यावर, फुटलेल्या जहाजांच्या लाकडांतून स्वतःसाठी एक झोपडी बांधली होती आणि तेथे ते एकटे बसून कविता लिहीत असत. पूर्वी मला हे विक्षिप्तपणाचे वाटे. सजावटीच्या समितीवर काम केल्यापासून ती झोपडी मला अत्यंत समंजस वाटू लागली आहे.

कारण सजावट ही भक्तीची बाब असली, तरी खिडक्या ही मालकीची बाब आहे. कोणत्या खिडकीचा कठडा कोणत्या कुटुंबाने सजवायचा हे आमच्याकडे कोठेही लिहिलेले नाही, आणि म्हणूनच ते बदलता येत नाही. उत्तरेकडची दुसरी खिडकी ज्यांच्या आजीने सजवली, त्यांचीच नात ती आज सजवते. मध्यंतरी एका भाबड्या सभासदाने तेथे सफरचंदांची टोपली ठेवली, तेव्हा कोणी एक शब्दही बोलले नाही आणि त्या न बोलण्याने गृहस्थ इतके घाबरले की ते पुढे कित्येक आठवडे मागच्या दाराने येत होते. वेदीपुढे धान्याची पेंढी डावीकडे असावी की उजवीकडे, यावर दोन तट आहेत. भोपळे कोठे ठेवावेत यावर मात्र एकमत आहे: व्यासपीठापुढे, सर्वांत मोठा सर्वांत वर. त्यामुळे सणाच्या दिवशी पाळकसाहेब आम्हाला फक्त भुवयांपासून वर दिसतात आणि उपदेशातील भावना आम्हाला त्यांच्या कपाळावरून ओळखावी लागते.

मग डब्यांचा प्रश्न येतो. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात जमिनीच्या प्रथमफळांची टोपली भरून याजकाकडे न्यावी असे म्हटले आहे. परंतु ज्यांची जमीन म्हणजे सज्जातील एक कुंडी, ते बिचारे प्रथमफळ कोठून आणणार? ते हवाबंद डबे आणतात. डबा प्रथमफळात मोडतो का, यावर आमच्याकडे एक पूर्ण बैठक झाली आणि अखेर डबे चालतील, परंतु ते कणसांमागे ठेवावेत, असा तोडगा निघाला. मुदत पाहून डबे वेगळे काढण्याचे काम कागदावर 'तपासणी' या भारदस्त नावाने लिहिलेले असते. या तपासणीत दरवर्षी एक डबा असा सापडतो की, त्याच्या मुदतीनंतर जन्मलेली मुले आता पहिल्या प्रभुभोजनाची तयारी करीत असतात. तो बाजूला काढावा आणि गप्प बसावे. तो कोणी आणला हे विचारणे ख्रिस्ती प्रीतीला धरून नाही, शिवाय ते सर्वांना ठाऊक असते.

उपासनेनंतरचा लिलाव हा आमच्या शरद ऋतूचा कळस असतो. दान गुप्त असावे, उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, या शिकवणीनुसार वस्तूंवर देणाऱ्याचे नाव लिहिले जात नाही. पण मंडळीच एवढी लहान की, मुरंब्याची बरणी कोणाच्या घरची हे झाकणावरून, आणि विणलेला रुमाल कोणाचा हे सुटलेल्या टाक्यावरून ओळखू येते. त्यामुळे बोली वस्तूवर लागत नाही. ती माणसावर लागते. एखाद्या बरणीला कोणी बोली लावली नाही, तर तिची धनीण आपल्याकडे न पाहता आपल्याला पाहत असते, आणि ते असह्य होऊन आपण नको असलेली बरणी भरमसाट रकमेला घेतो. खजिनदार येथे लिलाव पुकारतात. एरवी ते इतके काटेकोर आहेत की अर्पणाच्या थैलीत आलेले बटणसुद्धा नोंदवहीत लिहितात. परंतु लिलावाच्या दिवशी त्यांची सदसद्विवेकबुद्धी छताच्या दुरुस्तीला शरण जाते. गेल्या खेपेस गायकवृंदात बसलेले एक गृहस्थ आणि मागच्या बाकावर बसलेली त्यांची पत्नी, मध्ये भोपळ्यांचा ढीग असल्यामुळे एकमेकांना न दिसता, एकाच मधाच्या बाटलीवर बोली चढवीत होते. खजिनदारांना दोघेही स्पष्ट दिसत होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त एकदा गळक्या कोपऱ्याकडे दृष्टी टाकली आणि पुढचा आकडा पुकारला.

लिलावातून जे उरते ते गरजूंच्या आणि एकट्या राहणाऱ्यांच्या घरी पोचवायचे असते. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडेकोपऱ्याचे पीक कापू नये आणि सरवाही वेचू नये, ते गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावे, असा सुंदर नियम आहे. आमच्याकडे कडेकोपऱ्यात उरतात ते भोपळेच. एक जड भोपळा उचलून मी एका आजींच्या दारी गेलो, तेव्हा त्यांनी त्यावरून मायेने हात फिरवला, देवाचे आभार मानले आणि तो आपल्याच अंगणातला असल्याचे मला सांगितले. मग, आपण शुक्रवारीच तो मोठ्या कष्टाने चर्चमध्ये पाठवला होता, असेही त्या म्हणाल्या.

संडे स्कूलचे नाटक बहुधा बायबलमधील रूथच्या पुस्तकावर असते. वास्तविक विधवा रूथ सरवा वेचायला गेली ती सातूच्या हंगामात, आणि बेथलेहेमातील सातू वसंतात कापला जातो; परंतु हे मी संडे स्कूलच्या बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यात 'शिडी' हा शब्द स्पष्ट वाचता येत होता. त्या शेताचा मालक आणि पुढे रूथचा पती झालेल्या बवाजाची भूमिका आमच्या सर्वांत ज्येष्ठ वडिलांकडे, म्हणजे चर्चच्या पंचांकडे, आहे. वयाविषयी कोणी शंका काढलीच, तर ते रूथचा तिसरा अध्याय उघडून दाखवतात, ज्यात रूथ तरुणांच्या मागे गेली नाही म्हणून बवाज तिची वाखाणणी करतो. रूथ शाळकरी आणि बवाज सत्तरी ओलांडलेला असल्यामुळे विवाहाचा प्रसंग निवेदनात उरकतात. मुले कमी पडतात म्हणून तीच कापणी करणारे मजूर होतात आणि तीच पुढच्या प्रवेशात वेशीवरचे पंच होतात. अगदी धाकट्याला पेंढी केले जाते आणि तो बहुतेक वेळा रंगमंचावर गाढ झोपतो, जे पेंढीच्या भूमिकेला शोभूनच दिसते.

माझ्या वाट्याला चौथ्या अध्यायातील तो जवळचा नातेवाईक आला, ज्याला शास्त्राने नावसुद्धा दिलेले नाही. रूथच्या दिवंगत सासऱ्याची, एलीमलेखाची, जमीन सोडवून घेण्याचा पहिला हक्क त्याचा असतो. आधी तो होकार देतो, पण जमिनीबरोबर रूथची जबाबदारीही येते हे कळताच तो माघार घेतो आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पायातले पायतण काढून बवाजाला देतो. बस्स, व्यवहार पक्का झाला! कोणी त्याच्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहत नाही, त्याला फोन करून पुन्हा विचार करायला सांगत नाही, 'तुमच्याशिवाय कोण करणार' असे म्हणत नाही. तालमीच्या वेळी पायतण काढता काढता माझ्या मनात आले की, जबाबदारी नाकारण्याची इतकी सुटसुटीत आणि शास्त्रसंमत पद्धत उपलब्ध असताना मंडळीने ती बंद का पडू द्यावी? मी तसा रीतसर प्रस्ताव पंचकमिटीपुढे मांडला. प्रस्तावाचे मनापासून कौतुक झाले आणि त्याचा अभ्यास करण्यासाठी एक उपसमिती नेमण्यात आली, जिचा निमंत्रक मी आहे.

ऑक्टोबर सरता सरता दिवस लहान होतात, खिडक्या बंद होतात आणि बुधवारच्या संध्याकाळच्या बायबल अभ्यासात ऊब आणि झोप एकदमच येतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबल्यामुळे युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, अशी हकिकत आहे. तो वाचला, आणि पौल त्यानंतर उजाडेपर्यंत बोलत राहिला. आमची इमारत बैठी असल्यामुळे पाळकसाहेबांना अशा अपघाताचे भय नाही, आणि ते तसे बोलतातही. ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणेची आठवण होते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ साली विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर आपले ९५ मुद्दे ठोकले की ते केवळ पत्राने पाठवले, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. आमच्या दारावर सेक्रेटरीबाईंनी लावलेल्या सूचना मात्र निर्विवादपणे ठोकलेल्या असतात आणि संख्येने त्या ल्यूथर यांना गाठू पाहत आहेत.

नोव्हेंबरच्या आरंभी सर्व संतांचा दिवस येतो आणि वर्षभरातच नव्हे, तर त्यापूर्वीही गेलेल्यांची नावे वाचली जातात. ही एकच उपासना अशी आहे, जिच्यासाठी कागद फिरवावा लागत नाही. लोक न सांगता लवकर येतात आणि कोणी घड्याळ पाहत नाही. यादी मोठी असते, उपस्थितांपेक्षा मोठी. एकेक नाव ऐकताना लक्षात येते की, हे घंटा वाजवीत असत, या फुले आणत, हे खर्जात गात आणि त्यांच्यानंतर खर्जात गाणारा मिळालेला नाही.

खर्जाचा हा प्रश्न लगेचच ऐरणीवर येतो, कारण नाताळ जवळ आलेला असतो. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळापूर्वीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रियाच्या दिवसाच्या, सर्वांत जवळचा रविवार असतो. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो आणि गायकवृंदाच्या संचालिकांचा स्वभाव त्या तारखेप्रमाणे पालटतो. २७ तारीख आली की त्या ऑक्टोबरातच तालीम सुरू करतात. आमच्याकडे वरच्या पट्टीत गाणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, मधल्या पट्टीत मी आहे, आणि खालची पट्टी ऑर्गनवादक डाव्या पायाने भरून काढतात. वेदीवर जूनपासून अंथरलेले, सणांवेगळ्या साध्या काळाचे हिरवे वस्त्र अजून तेथेच असते, पेंटेकॉस्टनंतरच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणानंतरच्या, रविवारांचा क्रमांक विशीच्या पुढे गेलेला असतो, आणि आम्ही मात्र गोठ्यातल्या बाळासाठी अंगाई गात असतो.

अशाच एका नोव्हेंबरच्या रविवारी मागच्या बाकावर एक अनोळखी जोडपे येऊन बसले. पहिल्या गीतालाच त्या गृहस्थांचा आवाज सर्वांना ऐकू आला: खोल, भरदार आणि नि:संशय खर्जातला. संचालिकाबाईंची मान वळली, ऑर्गनवादकांचा डावा पाय थांबला आणि पाळकसाहेब त्या दिवशी उपदेश चक्क वेळेत संपवून दाराशी जाऊन उभे राहिले. गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितले की, आपण केवळ पाहुणे आहोत, एका नातेवाइकांना भेटायला आलो होतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार आहोत. सेक्रेटरीबाईंनी वही उघडली आणि गाडी नक्की किती वाजता आहे ते विचारले.